साडेचार लाखांच्या दोन झूम लेन्स: कराडच्या एका लग्न-छायाचित्रकाराचे प्रकरण

कराडमध्ये छोटा स्टुडिओ चालवणाऱ्या आणि सातारा, पाटण, विटा या टापूत लग्नाची कामे घेणाऱ्या एका छायाचित्रकारांनी लग्नसराई सुरू होण्याच्या सुमारे महिनाभर आधी माझ्यापुढे एक हिशेब ठेवला. सोनीच्या जी मास्टर या सर्वांत वरच्या श्रेणीच्या मालिकेतील २४-७० एफ/२.८ आणि ७०-२०० एफ/२.८ या दोन झूम लेन्सच्या दुसऱ्या आवृत्त्या घ्यायच्या, त्यासाठी पतसंस्थेकडून साडेचार लाखांचे कर्ज उचलायचे आणि ते तीन वर्षांत फेडायचे, असा त्यांचा बेत होता. पहिल्या लेन्सची किंमत त्या वेळी दोन लाखांच्या आणि दुसरीची अडीच लाखांच्या आसपास होती. कर्जाचा अर्ज भरून तयार होता. त्यावर सही करावी की करू नये, एवढेच त्यांना विचारायचे होते. त्यांचे नाव येथे देत नाही, हिशेब मात्र त्यांच्या संमतीने देत आहे.

त्यांच्याकडे त्या वेळी सोनीची ए७ थ्री ही २४ मेगापिक्सेलची फुल फ्रेम (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरची) बॉडी, म्हणजे लेन्सविना कॅमेरा, तिच्याबरोबर आलेली २८-७० एफ/३.५-५.६ ही किट लेन्स, एक ५० मिमी एफ/१.८ प्राइम (झूम न होणारी लेन्स) आणि एक फ्लॅश, एवढे साहित्य होते. तक्रारी तीन होत्या. मंडपातले ऐन विधींचे फोटो हललेले येतात. कार्यालयाच्या मागच्या बाजूने काढलेल्या फोटोंत चेहरे लहान राहतात. आणि शेजारच्या गावातल्या एका व्यावसायिकाच्या हातात ७०-२००सारखी महागडी पांढरी लेन्स दिसू लागल्यापासून गिऱ्हाईक दराची घासाघीस आपल्याशीच जास्त करते. तिसऱ्या तक्रारीला हसण्याचे कारण नाही. लग्नाच्या धंद्यात यजमान आधी साहित्य पाहतात आणि फोटो नंतर, हे या व्यवसायातील प्रत्येकाला ठाऊक असते. तरीही त्या तक्रारीचे उत्तर लेन्सच्या गुणवत्तेत शोधणे चूक ठरले असते, म्हणून ती बाजूला ठेवून पहिल्या दोन तक्रारींपासून सुरुवात केली.

महाग झूममध्ये पैसे नेमके कशाचे पडतात, हे आधी पाहणे आवश्यक आहे. एफ/२.८ या आकड्याचा अर्थ असा, की फोकल लेन्ग्थला, म्हणजे लेन्स दृश्य किती जवळ आणते हे सांगणाऱ्या मिलिमीटरमधल्या आकड्याला, २.८ने भागले असता जो व्यास येतो, तेवढ्या रुंदीचे तोंड प्रकाशाला मोकळे मिळते. २०० मिमीवर हा व्यास ७१ मिमीहून अधिक भरतो. एवढ्या रुंदीच्या काचा, त्याही संपूर्ण झूमभर सारख्याच अपर्चरने (प्रकाशाच्या तोंडाच्या प्रमाणाने) आणि कडेपर्यंत स्वच्छ प्रतिमा देतील अशा बेताने बसवणे हे खर्चाचे काम आहे आणि किमतीतला मोठा वाटा त्यातच जातो. किट लेन्स २८ मिमीवर एफ/३.५ देते खरी, पण ७० मिमीपर्यंत जाता जाता एफ/५.६वर येते. एफ/२.८ आणि एफ/५.६ यांच्यात दोन स्टॉपचा, म्हणजे चौपट प्रकाशाचा फरक असतो. उरलेले पैसे वेगवान ऑटोफोकसच्या मोटर्स, समोरून येणाऱ्या प्रकाशात प्रतिमा फिकी पडू न देणारे कोटिंग, धूळ आणि ओलावा रोखणारी रबरी सीलबंदी आणि वजनातली घट यांचे असतात. वजनाचा मुद्दा किरकोळ नाही: ७०-२००ची पहिली जी मास्टर १४८० ग्रॅमची होती, दुसरी ट्रायपॉड कॉलर वगळून १०४५ ग्रॅमची आहे, आणि हळदीच्या सकाळपासून वरातीच्या रात्रीपर्यंत खांद्यावर बॉडी वागवणाऱ्याला या फरकाचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

यानंतर लाइटरूम या फोटो-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यांच्या मागील हंगामाचे कॅटलॉग उघडले. अल्बममध्ये गेलेले फोटो पाहण्याऐवजी बाद ठरवलेले फोटो आधी पाहिले, कारण लेन्सची उणीव चांगल्या फोटोंत दिसत नाही. सुदैवाने त्यांना कच्च्या फायली पुसून टाकण्याची सवय नव्हती. फोकल लेन्ग्थ, अपर्चर, शटर स्पीड (शटर किती वेळ उघडे राहते) आणि आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) या चार गोष्टींनी चाळणी लावताच बाद फोटोंचा एक मोठा गठ्ठा एकाच ठिकाणी सापडला: ७० मिमी, एफ/५.६, आयएसओ ३२००, शटर स्पीड १/६० सेकंद किंवा त्याहून मंद.

त्यातला एक फोटो पुरेसा बोलका होता. मंगलाष्टके संपून अंतरपाट नुकताच खाली गेलेला, नवरीचे हात हारासह वर उचललेले, मामाच्या चेहऱ्यावर नीट फोकस आणि नवरीचे दोन्ही हात मात्र पुसल्यासारखे. अक्षता रेघांसारख्या उमटलेल्या. बॉडीतली स्थिरीकरणाची सोय चालू होती, मागची फुलांची सजावट टाचणीसारखी स्वच्छ आली होती. पण स्थिरीकरण छायाचित्रकाराच्या हाताचा कंप शोषते, समोरच्या माणसाची हालचाल थांबवत नाही. तिच्यासाठी शटरच वेगवान लागते.

येथे एक बिनखर्चाची गोष्ट हाती लागली. इतके सगळे फोटो नेमके आयएसओ ३२००वरच का, असे विचारल्यावर कळले, की जुन्या बॉडीच्या अनुभवावरून त्यांनी ऑटो आयएसओची कमाल मर्यादा ३२०० अशी बांधून ठेवली होती. प्रकाश कमी झाला की कॅमेरा ती मर्यादा गाठत असे आणि त्यापुढे शटर मंद करत जात असे. ए७ थ्रीवर आयएसओ ६४००चा फोटो अल्बमच्या आकारात सहज खपून जातो. मर्यादा ६४००वर नेली आणि किमान शटर स्पीड १/१२५ ठरवून दिला, तर त्याच मंडपात त्याच किट लेन्सने त्यांना दुप्पट वेग मिळाला असता. एफ/२.८ची लेन्स त्याच आयएसओवर १/५०० देईल, ही गोष्ट वेगळी आणि तिचे मोल आहेच. पण कर्ज काढून जे विकत घ्यायचे होते, त्यातला अर्धा वाटा मेन्यूच्या एका ओळीत पडून होता.

बाद फोटोंचा दुसरा गठ्ठा लहान, पण महत्त्वाचा होता. मागून काढलेले फोटो कापून कापून चौकटीच्या एक चतुर्थांशावर आणलेले, म्हणजे ७० मिमीचे १४० मिमी केलेले. अशा कापणीनंतर २४पैकी सहा मेगापिक्सेल, म्हणजे ३००० बाय २००० पिक्सेल उरतात. यावर ना आयएसओचा उपाय होता ना शटरचा. इथे लांब, म्हणजे दूरचे जवळ आणणारी, लेन्सच हवी होती.

निर्णयाआधी प्रत्यक्ष तुलना करणे गरजेचे होते. पुण्याहून दोन्ही जी मास्टर लेन्स एका लग्नापुरत्या भाड्याने आणल्या आणि २४-७०च्या तुलनेसाठी एका सहकाऱ्याकडून टॅमरॉनची २८-७५ एफ/२.८ जी२ मागून घेतली. सोनीने ई-माउंटचा, म्हणजे बॉडीला लेन्स जोडणाऱ्या सांध्याचा, मूलभूत तपशील २०११ मध्येच इतर उत्पादकांना खुला केल्यामुळे या माउंटवर असे पर्याय मुबलक आहेत. अशा लेन्स सोनीच्या काही वेगवान बॉडींवर सेकंदाला १५ फ्रेमपर्यंतच चालतात. पण ए७ थ्रीचा स्वतःचाच वेग १० फ्रेमचा असल्याने त्या मर्यादेचा येथे संबंध नव्हता. टॅमरॉनचे वजन ५४० ग्रॅम, जी मास्टरचे ६९५. किंमत मात्र पाऊण लाखाच्या आसपास, म्हणजे सव्वा लाखाने कमी.

दोन्ही लेन्सचे फोटो पडद्यावर शंभर टक्के मोठे करून पाहण्याचा मोह टाळला, कारण त्यांचे गिऱ्हाईक तसे पाहत नाही. गिऱ्हाईक पाहते तो करिझ्मा हा छापील अल्बम, उघडल्यावर १२ बाय ३६ इंचांचा. त्यात एका पानावर चार-पाच फोटो असले की प्रत्येकाची रुंदी सहा इंचांच्या आसपास येते, आणि इंचाला ३०० ठिपके या दराने छापायला १८०० पिक्सेल पुरतात. मूळ फोटो ६००० पिक्सेल रुंद असतो. म्हणजे छपाईआधी तो तिपटीहून अधिक आक्रसला जातो आणि त्या आक्रसण्यात महाग काच आणि मध्यम काच यांच्या तीक्ष्णतेतला फरक विरून जातो. लॅबमधून नमुन्याची पाने काढून आणली आणि कोणता फोटो कोणत्या लेन्सचा, हे न सांगता त्यांच्यापुढे आणि अल्बमची मांडणी सांभाळणाऱ्या त्यांच्या पत्नीपुढे ठेवली. छोट्या फोटोंत दोघांनाही लेन्स ओळखता आल्या नाहीत. अठरा इंची पूर्ण पानाच्या एका फोटोत, जिथे स्टेजवरचा एलईडी पार लाइट (झोतदिवा) थेट लेन्समध्ये येत होता, तिथे जी मास्टर ओळखू आली: काळी शेरवानी काळीच राहिली होती. हा फरक खरा होता, पण त्या एका जागेपुरता होता.

एका बाबतीत मात्र टॅमरॉन निश्चितपणे उणी पडली आणि त्या उणिवेचा काचेच्या दर्जाशी संबंध नव्हता. तीन मीटरवरून २४ मिमीच्या लेन्समध्ये साडेचार मीटर रुंदीचा पट मावतो, २८ मिमीमध्ये सुमारे ३.८५ मीटर. भरल्या मंडपात मागे सरकायला जागा नसते. पाठीशी व्हिडिओवाल्याचा गिंबल (कॅमेरा स्थिर ठेवणारी दांडी) असतो आणि त्याच्यामागे वऱ्हाड. अशा वेळी कमी पडणारे ते साठ-पासष्ट सेंटिमीटर म्हणजे कडेची एक मावशी, आणि मावशी अल्बममध्ये नसली तर फोनही मावशीचाच येतो.

आता पैशांची बाजू. साडेचार लाखांवर बारा टक्के दराने तीन वर्षांचा हप्ता महिन्याला पंधरा हजारांच्या आसपास बसतो आणि एकूण व्याज अठ्ठ्याऐंशी हजारांच्या घरात जाते. मदतनीस, अल्बमची छपाई, व्हिडिओवाल्याचा वाटा आणि प्रवास वजा जाता एका लग्नामागे त्यांच्या हाती बारा-पंधरा हजार उरतात, असे त्यांच्याच वहीवरून दिसत होते. म्हणजे दर महिन्याचे एक लग्न हप्त्यासाठीच. लग्नसराईत हे जमण्याजोगे आहे. पण आषाढी एकादशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत काढीव मुहूर्तावरचे एखादे लग्न सोडले तर काम नसते आणि पतसंस्थेला चातुर्मास नसतो. शिवाय त्यांची वार्षिक उलाढाल वीस लाखांच्या आत असल्याने त्यांची जीएसटी नोंदणी नव्हती, त्यामुळे बिलात भरलेल्या कराचा परतावा मिळण्याचा प्रश्नच नव्हता. संपूर्ण रक्कम पदरची. ग्रे मार्केटमधून, म्हणजे कंपनीच्या अधिकृत विक्रेत्यांना वगळून आलेल्या मालातून, स्वस्तात लेन्स मिळते, असा सल्ला त्यांना कोणीतरी दिला होता. अशा लेन्सला कंपनीची भारतातली वॉरंटी नसते, आणि ऐन हंगामात फोकसची मोटर बिघडली तर वाचवलेले पैसे दुरुस्तीतच जाण्याची शक्यता असते, म्हणून तो मार्ग वगळला.

माझ्या मते या टप्प्यावर त्यांची सर्वांत मोठी उणीव लेन्सची नव्हतीच. ती दुसऱ्या बॉडीची होती. एकाच बॉडीवर लग्न घेणारा छायाचित्रकार सप्तपदीच्या मध्यावर बॉडी बंद पडली तर काय करणार? लग्न पुन्हा लागत नाही. दुसरी बॉडी आली की झूमवरचा भारही हलका होतो, कारण एकीवर झूम आणि दुसरीवर प्राइम लावून विधी चालू असताना लेन्स बदलण्याची वेळ टाळता येते. त्यांनी अर्ज मागे घेतला आणि पहिल्या टप्प्यात तीन गोष्टी घेतल्या: टॅमरॉन २८-७५, सोनीची ८५ मिमी एफ/१.८ आणि शटर काउंट (आजवर काढलेल्या फोटोंची संख्या) तपासून घेतलेली दुसरी, वापरलेली ए७ थ्री. सर्व मिळून दोन लाखांच्या थोडे वर. त्यातले लाखभर कर्जाने, तेही लग्नसराईतच फिटेल अशा आठ महिन्यांच्या मुदतीचे.

८५ मिमीबद्दल थोडे विस्ताराने सांगणे भाग आहे, कारण महाग झूमच्या चर्चेत अशा लेन्सला सहसा पुरेसा मान मिळत नाही. पार्श्वभूमी किती विरघळेल, हे ढोबळमानाने प्रकाशाच्या त्या मोकळ्या तोंडाच्या व्यासावर ठरते. ७० मिमी एफ/२.८वर हा व्यास २५ मिमी, तर ८५ मिमी एफ/१.८वर ४७ मिमी असतो. नवरीच्या एकटीच्या फोटोसाठी ३७१ ग्रॅमची, त्या वेळी पाऊण लाखाहूनही स्वस्त असलेली ही लेन्स दोन लाखांच्या २४-७०ला सहज मागे टाकते आणि प्रकाशही सव्वा स्टॉप अधिक देते. पण तिची किंमत दुसरीकडे मोजावी लागते. दोन मीटरवर एफ/१.८ला स्पष्ट दिसणारी खोली जेमतेम सहा सेंटिमीटर असते. नवरा-नवरी एका रेषेत उभे नसले तर एकाचे डोळे फोकसबाहेर जातात. म्हणून विधींत ती एफ/२.८वर आणावी लागते आणि तिथे तिचा निम्मा फायदा संपतो. प्राइम लेन्स झूमची जागा पूर्णपणे घेते, असे जे सांगितले जाते, ते सावकाश उभे राहून फोटो देणाऱ्या माणसांच्या बाबतीत खरे आहे. हळद लावून पळणाऱ्या करवल्यांच्या बाबतीत नाही.

लांब लेन्ससाठी भाड्याचा पर्याय ठरवला होता आणि कागदावर तो बिनतोड होता. दिवसाचे भाडे दीड हजारांच्या आत-बाहेर. आणण्या-पोहोचवण्याचे दिवस धरून एका लग्नामागे साडेचार हजार. अडीच लाखांत पंचावन्न लग्नांचे भाडे निघते. या हिशेबात एक गोष्ट मी गृहीत धरली नव्हती, ती हंगामातच स्पष्ट झाली. लग्नाचे मुहूर्त सगळ्यांना एकच असतात. ज्या दिवशी कराडच्या छायाचित्रकाराला ७०-२०० हवी असते, त्याच दिवशी पुणे, कोल्हापूर आणि सांगलीच्या छायाचित्रकारांनाही ती हवी असते आणि दाट मुहूर्ताच्या तारखांना भाड्याने देणाऱ्याच्या कपाटात ती नसते. शिवाय पुणे दीडशे किलोमीटरहून दूर. लेन्स मिळाली तरी ती आणायला एक माणूस आणि एक दिवस मोडतो. ज्या वस्तूची गरज सर्वांना एकाच दिवशी पडते, तिच्यासाठी भाड्याची व्यवस्था मुळातच कमकुवत असते.

निर्णय पालटायला आणखी एक कारण लग्नाबाहेरचे होते. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्रातील बैलगाडी शर्यतींना परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. तेव्हापासून या भागातली शर्यतीची मैदाने पुन्हा भरू लागली असून आपल्या बैलजोडीचा धावतानाचा मोठा फोटो फ्रेम करून घेणारे मालक आता चांगले पैसे देतात. हे काम लग्नसराईला बांधलेले नाही. तिथे दोन अडचणी असतात, धुळीची आणि संध्याकाळची. भर उन्हात आयएसओ १०० आणि एफ/४वर १/१६०० सहज मिळते, एफ/२.८ची गरजच पडत नाही. पण फायनल बहुधा सूर्य कलल्यावर सुटते; तेव्हा १/१००० हवे असेल तर एफ/२.८ला आयएसओ १६०० लागेल आणि एफ/५.६ला ६४००.

धुळीचा मुद्दा मला निर्णायक वाटला. टॅमरॉनची ७०-१८० एफ/२.८ निम्म्याहून कमी पैशांत मिळत होती आणि तिचे वजनही ८१० ग्रॅम होते, पण झूम करताना तिचे नळकांडे बाहेर येते. बाहेर आलेले नळकांडे आत जाताना धूळ सोबत नेते, सील असले तरी थोडी नेतेच. जी मास्टर ७०-२०० झूम करताना लांब होत नाही. काचा आतल्या आत सरकतात. शिवाय पहिल्या आवृत्तीच्या टॅमरॉनमध्ये स्वतःचे स्थिरीकरण नाही आणि तिच्यावर सोनीचा टेलिकन्व्हर्टर (फोकल लेन्ग्थ वाढवणारा जोडभाग) बसत नाही. जी मास्टरवर १.४ पटीचा बसतो आणि २८० मिमी एफ/४ हाती येते, ज्याचा मैदानाच्या दोरीबाहेर उभे राहणाऱ्याला थेट उपयोग असतो. हंगाम संपताना पहिले कर्ज फिटलेले होते. त्यांनी ७०-२०० जी मास्टर नवी, बिलासह घेतली. अर्धी रक्कम रोख आणि अर्धी हप्त्याने दिली, तेव्हा मी हरकत घेतली नाही. पांढऱ्या लेन्समुळे दराची घासाघीस कमी झाली का, हे मी विचारले; थोडी झाली, असे ते म्हणाले.

२४-७० जी मास्टर मात्र अजून घेतलेली नाही आणि घ्यावी असे मला वाटत नाही. तिच्या बाजूने उरलेला खरा मुद्दा २४ मिमीचा आहे आणि तो सव्वा लाख न घालवता सुटू शकतो. हळद बहुतेक वेळा घरातच लागते, सोप्यात किंवा परड्यात, आणि तिथे २८ मिमी अपुरेच पडते, ही त्यांची तक्रार कायम आहे. टॅमरॉनची २० मिमी एफ/२.८ घ्यावी, ती २२० ग्रॅमची आहे आणि खिशात राहते, असे त्यांचे मत आहे. माझा कल त्याच कंपनीच्या १७-२८ एफ/२.८कडे आहे, कारण सोप्यात मागे सरकायला भिंत असते आणि पुढे सरकायला हळदीने माखलेली माणसे, तेव्हा चौकट लहान-मोठी करण्याची सोय हातातच असलेली बरी.